डोंगरराजाच्या कानातले सेल

मेलार, १४ एप्रिल

प्रिय रागना,

आधी परवाच्या फोनबद्दल. मी म्हणाले, "करड्या मेंढीला जुळी झाली," आणि तू म्हणालीस, "अगंबाई, लग्न कधी झालं?" समुद्राच्या दोन टोकांना दोन बहिऱ्या बहिणी, त्यांना फोन कशाला हवा? तू आपलं डेन्मार्कात ओरडायचं, मी इथे आइसलंडात ओरडायचं, आणि मधल्या माशांनी ऐकायचं. त्यापेक्षा पत्र बरं. कागद कधी "काय? काय म्हणालीस?" करत नाही.

काम असं आहे. माझ्या कानातल्या यंत्रांनी आता मान टाकलीय. वळचणीला पाऊस पडावा तसा नुसता चरचराट येतो. गेल्या आठवड्यात आकुरेरीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने दोन जोड पुढ्यात मांडले आणि विचारलं, "सेलची हवीत की चार्जिंगची?" मी म्हटलं, विचार करून सांगते. ती हसली. "यात विचार कसला? आता सगळे चार्जिंगचीच घेतात."

सगळे करतात ते कर म्हटलं की माझे पाय मागे ओढतात, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी चार्जिंगची आहेत ना? कशी आहेत? कौतुक नको सांगूस, खरं सांग.

तुझी,
हालबेरा


आरहूस, २५ एप्रिल

हाला,

घे. डोळे मिटून चार्जिंगचीच घे.

माझं पूर्वीचं ध्यान आठव. चर्चमध्ये कोणाच्या तरी अंत्यविधीला बसलेय, पाद्री प्रार्थना म्हणतोय, आणि बरोबर तेव्हाच कानात टिंग टिंग. सेल संपला. मग पर्स उपसायची, नवा सेल काढायचा, तो बोटांतून निसटायचा आणि घरंगळत थेट शवपेटीखाली. मी गुडघ्यांवर, माझ्या मागे दोन म्हाताऱ्या गुडघ्यांवर, आणि पाद्री थांबलेला. घरी खणभर मेलेले सेल. फेकावे कुठे तेही कळत नाही, कचऱ्यात टाकले तर मनाला टोचतं.

आता ते सगळं संपलं. कोंबड्या खुराड्यात घालाव्यात तशी रात्री दोन्ही यंत्रं डबीत घालते. सकाळी भरलेली. दिवस मावळेपर्यंत काळजी नाही. विणकाम मी सोडलंय, कंटाळा आला होता, त्यामुळे संध्याकाळी टीव्ही बघते आणि सगळं ऐकते. मालिकांमधली माणसं इतकं निरर्थक बोलतात हे मला आधी माहीतच नव्हतं.

तू चालढकल करत बसू नकोस.

रागना


मेलार, ९ मे

प्रिय रागना,

तुझं पत्र गोठ्यात वाचलं. शवपेटीजवळ आले आणि इतकी हसले की व्यालेली मेंढी बिचकून उठली.

मला अजून थोडं सांग. समज एखाद्या रात्री डबीत घालायची राहिली तर दुसऱ्या दिवशी चालतात का? आणि तिसऱ्या? थंडीत लवकर संपतात? पूर्ण भरायला किती वेळ लागतो, तोवर कान रिकामेच ना? आणि माणूस जिथे आहे तिथे वीजच नसेल तर?

सहज विचारते.

हाला


आरहूस, १८ मे

सहज?

हालबेरा, मी तुझी थोरली बहीण आहे. लहानपणी गोठ्यामागे सिगारेट ओढून घरात आलीस, आईसमोर "सहज पुदिना खाल्ला" म्हणालीस, तेच हे "सहज".

वीज नसलेली जागा. एकापेक्षा जास्त रात्री. थंडी. आणि काहीही झालं तरी ऐकू आलंच पाहिजे!

कोण आहे तो?

मला वाईट वाटत नाहीये, उलट आनंद आहे. तुझा नवरा गेल्यापासून तू मेंढ्यांशीच बोलतेस. पण आपल्या वयात वीज नसलेल्या झोपडीत नेणारा माणूस एकतर फार रसिक असतो नाहीतर फार कंजूष. नाव कळव, म्हणजे ठरवता येईल. स्टेनार नसेल ना? तो तर पंचाहत्तरीला आला असेल.

बाकी, माझी एक दिवस चालतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलीच. भरायला तीन-चार तास.

उत्सुक,
रागना


मेलार, २ जून

प्रिय रागना,

तुझं पत्र वाचून मी लाल झाले आणि स्वतःचाच राग आला. माणूस वगैरे कोणी नाही. पण स्टेनार आहे, तू म्हणतेस त्या अर्थाने नव्हे.

स्टेनार पायउतार होतोय. बाबांनंतर तोच आपल्या खोऱ्याचा डोंगरराजा होता, आता त्याची कंबर घोड्यावर फार दिवस टिकत नाही. सप्टेंबरात कोणीतरी दुसऱ्याने सगळ्यांना वर न्यायला हवं. आणि रागना, ते मी करावं असं मला वाटतं. अख्ख्या खोऱ्याच्या मेंढ्या पठारावरून हुडकून खाली आणायच्या, घोडेस्वारांची रांग तुटू द्यायची नाही, धुक्यात कोणाला हरवू द्यायचं नाही. त्या पठारावरचा दगड न् दगड मला माहीत आहे. तिथे मी बाबांच्या खोगिरापुढे बसून शिकले, तू तेव्हा घरात वाचत बसायचीस.

कुरणाच्या समितीत मी हात वर केला. मग टोर्फी उठला. टोर्फी माहीत आहे ना, नदीपलीकडचा? चांगला माणूस आहे, पण बोलतो ते खालच्या गावात ऐकू जातं. म्हणाला, "हालबेराबद्दल मला आदर आहे. पण ज्या राजाला हाक ऐकू येत नाही, त्याच्या राज्यात धुकं पडलं तर काय करायचं?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

स्टेनारने तोडगा काढला. जूनअखेर काहीजण वरच्या झोपड्यांची डागडुजी करायला जातात, त्यात मी जायचं. तिथे ठीक चाललं तर ऑगस्टमध्ये ठरवू.

आणि मी सेलची यंत्रं घेतली. रागावू नकोस. सामानाची गाडी खालच्या झोपडीपर्यंतच येते, पुढे नदी आहे, राजा तर नदीपलीकडे झोपतो. तिथे चूल आहे आणि मेणबत्ती आहे, बस्स. तुझी डबी मी मेंढीच्या शेपटीत खुपसू? आणि भर दुपारी यंत्र संपलं तर चार्जिंगवाल्याने तीन-चार तास मुकाट बसायचं. सेल मिनिटात बदलतो.

हे तुला आधीच सांगायला हवं होतं. तू "वेडी आहेस का" म्हणशील याची भीती होती.

हाला


आरहूस, १२ जून

वेडी आहेस का?

घे, म्हणून झालं. आता पुढचं.

तुझं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात रडले. नवऱ्याने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही, माझी बहीण राजा होतेय." तो डॅनिश माणूस, त्याने कॉफी केली.

एक गोष्ट तुला माहीत नाही. बाबांनी राजेपण सोडलं ते गुडघ्यांमुळे नाही. आईने शेवटच्या आजारपणात मला सांगितलं. त्यांना हाका ऐकू येईनाशा झाल्या होत्या. एका सप्टेंबरात ते घाबरले आणि खाली आल्यावर गुडघ्याचं कारण पुढे केलं. गुडघ्याला कोणी हसत नाही ना. नंतर जन्मभर ते सभेत लंगडत गेले बिचारे, चांगल्या पायांनी.

तू लंगडू नकोस. तू कानांसकट जा.

पण तुझ्या त्या सेलांवर माझा भरवसा नाही. ओल आत गेली की संपलंच. म्हणून सोबत रबरी आवरणं पाठवतेय, यंत्रावर घट्ट बसतात, पाण्याचा थेंब जाणार नाही. पावसात नक्की घाल. मला वचन हवं.

रागना


मेलार, ६ जुलै

प्रिय रागना,

आवरणं मिळाली. आभार.

इथे गवत यंदा चांगलं आहे. खालच्या शेतातलं कापून झालं, वरचं पुढच्या आठवड्यात. वारा उत्तरेचा आहे, त्यामुळे लवकर वाळतं. ट्रॅक्टरचा पट्टा बदलला. स्नोत्रा कुत्रीच्या पंजाला काच लागली होती, बरी आहे.

तिकडे उन्हाळा कसा आहे?

हाला


आरहूस, १५ जुलै

हालबेरा,

गवत. वारा. पट्टा. कुत्रीचा पंजा.

डोंगराबद्दल एक अक्षर नाही. मी विचारणार नाही असं तुला वाटलं का? काय झालं वर?

रागना


मेलार, २४ जुलै

रागना,

बरं, ऐक.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. नवीन यंत्रांत मला घोड्याच्या नालाखालची वाळूसुद्धा ऐकू येत होती. स्टेनारचा घोडा माझ्या मागे होता आणि तो मुद्दाम हळू बोलत होता, मी प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होते.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, आडवा. मी तुझी आवरणं चढवली, वरून पावसाची टोपी कानांवर ओढली. दुपारच्या आधीच उजवा कान मंदावला, मग डावा. वाटलं सेल खराब निघाले. नवे घातले, पुन्हा आवरणं घट्ट बसवली. थोड्या वेळाने तेही गेले. मी कोणाला सांगितलं नाही. वाटलं, दिवस काढू, ओठ बघून भागवू.

पण घोड्यावर पुढे असलं की मागच्याचे ओठ दिसत नाहीत.

नदीच्या उताराशी काठ खचला होता. टोर्फीने पाहिलं, ओरडला. सगळेच ओरडत होते म्हणे. मी मागे वळून पाहिलं तर सगळ्यांचे हात वर. मला वाटलं, "जा, जा, पुढे हो" म्हणतायत. मी माझ्या घोड्याला, ब्लेसीला, टाच मारली आणि तो छातीपर्यंत चिखलात गेला.

दोर टाकून आम्हाला टोर्फीनेच ओढून काढलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मारला नाही. माझ्यासमोर उभा राहिला आणि लहान पोराला सांगावं तसं तोंड मोठं करून म्हणाला, "तुझ्या-भल्या-साठी-सांगतोय-हाला." संध्याकाळी झोपडीत त्याने सुचवलं की सप्टेंबरात मी खालच्या झोपडीत सगळ्यांचा स्वयंपाक बघावा, माझ्या हातचं मटण चांगलं असतं. कोणी नाही म्हटलं नाही. स्टेनारनेसुद्धा नाही.

घोड्याला काही झालं नाही, मलाही नाही. पण रागना, त्या नदीत मला बाबा कळले.

तू म्हणत होतीस तेच खरं, सेलांवर भरवसा नाही. दवाखान्यातली मुलगी बदलून चार्जिंगची द्यायला तयार आहे. सोबत नेता येईल अशी काहीतरी बॅटरीही मिळते म्हणे. बदलते. तू सांग कुठली घेऊ.

हाला


आरहूस, ३ ऑगस्ट

हाला! काही बदलू नकोस! हे पत्र उभ्याने वाचत असशील तर खाली बस.

तुझं पत्र आलं तसा कोट घातला आणि माझ्या यंत्रांच्या दुकानात गेले. तिथली लिस्बेथ शहाणी बाई आहे. मी म्हटलं, "माझ्या बहिणीचे सेल पावसात मेले, तिला चार्जिंगचं कुठलं देऊ?" तिने विचारलं, "मेले म्हणजे कसे?" मी सगळं सांगितलं. आवरणांशी आले तशी तिने मला थांबवलं.

"रबरी? घट्ट?"

"हो," मी म्हटलं, "मीच पाठवली."

"वर टोपीही ओढली होती?"

"पाऊस होता ना!"

तिने खणातून एक सेल काढला. त्यावरचं चिकट कागदी लेबल ओढलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. हाला, त्याला भोकं असतात. सुईच्या टोकाएवढी. तो सेल हवेवर चालतो! लेबल काढलं की हवा आत जाते आणि मग तो जागा होतो. म्हणून तर घालण्याआधी मिनिटभर उघडा ठेवायला सांगतात. तू आणि मी वर्षानुवर्षं ते मिनिट पाळलं, का ते एकदाही विचारलं नाही. लिस्बेथ म्हणाली, "सेल चांगले होते. तुम्ही त्यांचं नाक दाबलंत."

तुम्ही म्हणजे मी. तुला चिखलात घातलं ते पावसाने नाही, सेलांनी नाही, टोर्फीनेही नाही. मी घातलं, पोस्टाने.

माझी ती आवरणं चुलीत टाक. वास येईल, सहन कर.

आता आणखी एक, म्हणजे माझ्याकडे काही उरणार नाही. मी चार्जिंगची घेतली ती हौसेने नाही. माझी बोटं आता वळत नाहीत. सांधे सुजलेत. सेलाचं ते दार नखाने उघडणं मला जमेना, तो चर्चमधला सेल निसटला तोही त्यामुळेच. विणकामाचा कंटाळा वगैरे काही आला नव्हता. माझ्या बोटांना जे बरं, तेच तुझ्या डोंगराला बरं असणार, असं धरून मी तुला उपदेश करत सुटले. माझी रात्र घरातली आहे, भिंतीला प्लग आहे. तुझं काय?

लिस्बेथने सांगितलंय: यंत्राला वारा लागू दे, पण पाणी नको. रात्री सेलाचं दार उघडं ठेवून यंत्रं कोरड्या जागी ठेव. जास्तीचे सेल अंगाशी, आतल्या खिशात, गारठू देऊ नकोस.

आणि स्टेनारकडे जा. आजच.

रागना


मेलार, १७ ऑगस्ट

प्रिय रागना,

तुझी बोटं. मला कळायला हवं होतं, तुझं अक्षर दोन वर्षांपासून बदललंय. त्याबद्दल भेटल्यावर बोलू, कागदावर नाही. आणि पोस्टाने चिखलात घातल्याबद्दल माफीबिफी मागू नकोस. मी त्या नदीत टाच मारली, ती माझीच टाच.

आता ऐक. तुझं पत्र खिशात घालून मी स्टेनारकडे गेले. तो शेतात होता, टोर्फीही मदतीला आलेला. पाऊस पडत होता, जूनसारखाच आडवा. मी दोघांना सेल दाखवला, भोकं दाखवली, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. टोर्फी म्हणाला, "कारणं सगळ्यांकडेच असतात." हे मात्र त्याने नेहमीच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे डोंगरालाही कळलं.

स्टेनारने टोपी मागे सारली. "उभे राहा इथे दोघं," म्हणाला आणि काठी टेकत शेताच्या बांधापर्यंत गेला. आमच्याकडे पाठ केली आणि काहीतरी पुटपुटला. मी कानांवर लोकरीची साधी पट्टी बांधली होती, बाकी काही नाही.

परत येऊन विचारलं, "काय म्हणालो मी?"

मी म्हटलं, "मोठ्याने सांगू?"

"सांग."

"तू म्हणालास, टोर्फीच्या घरची कॉफी म्हणजे मोजे धुतलेलं पाणी."

स्टेनार इतका हसला की त्याला काठी सावरेना. टोर्फी आमच्या दोघांकडे बघत होता. "तो असं म्हणाला?" त्याने मला विचारलं. मग तोही हसला, पण जरा उशिराने.

परवा समितीची बैठक झाली. रागना, यंदा खोऱ्याच्या मेंढ्या मी आणणार आहे. कागदावर माझं नाव लिहिलंय. टोर्फीनेही हात वर केला, अगदी शेवटी, पण केला.

हाला


आरहूस, २९ ऑगस्ट

माझ्या राजा,

मी बाल्कनीत जाऊन ओरडले. खालच्या सायकलवाल्याने वर बघितलं. म्हटलं, बघू दे.

सोबत छोटं पाकीट आहे. यंत्रांवर चढवायच्या दोन पिशव्या, लोकरीच्या. लिस्बेथ म्हणाली, लोकर चालेल, पाऊस अडवते आणि श्वासही घेऊ देते. आपल्याच मेंढ्यांची आतली मऊ लोकर आहे, तू कधीतरी पाठवलेली. शेजारणीने विणून दिल्या. तिचा हात बरा आहे.

पोहोचल्याचं कळव. खाली उतरलीस की लगेच.

रागना


मेलार, १६ सप्टेंबर

प्रिय रागना,

उतरले. सगळे उतरले. अंग असं दुखतंय की पेन धरतानाही "आई गं" होतंय, पण हे आजच लिहायचं आहे.

आधी पिशव्यांचं. शेजारीण, म्हणे! काठावरची ती दुहेरी गाठ आईची आहे. ती आईने तुला शिकवली, मला जमली नाही म्हणून माझ्या हातावर सुई मारली. तुझी डॅनिश शेजारीण ती कुठून शिकली? काही टाके सुटलेत, काही दोनदा घातलेत. त्या बोटांनी तू हे कसं केलंस ते मला विचारवत नाही. सगळा वेळ त्या माझ्या कानांवर होत्या.

पहिले दोन दिवस ऊन. रांग छान पसरली, सगळ्यांच्या गळ्यात वॉकीटॉकी, मी मधोमध. रात्री चुलीजवळ यंत्रांची दारं उघडी ठेवून निजायचे. आजूबाजूचे म्हणायचे, "राजाचे कान वाळत घातलेत."

तिसऱ्या दिवशी पठाराच्या मध्यावर धुकं आलं. कसं येतं ते तुला माहीत आहे. आधी हिमनदी जाते, मग टेकडी, मग घोड्याचे कान. मी वॉकीटॉकीवरून सांगितलं, सगळ्यांनी जागच्या जागी थांबा, नावं सांगा. एकेकाने सांगितलं. टोर्फीचं नाव आलं नाही.

तो पश्चिमेच्या टोकाला होता, घळीच्या बाजूला. मी पुन्हा हाक दिली. पुन्हा. काही नाही. बाकीच्यांना म्हटलं, गप्प राहा आणि ऐका, कोणाला काही येतंय? कोणालाच येत नव्हतं.

आणि तेवढ्यात माझ्या उजव्या कानात टिंग टिंग. लगेच डाव्यातही, दोन्ही एकाच दिवशी घातले होते ना. मग सगळं बंद.

रागना, तसं धुकं मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांपुढे पांढरं आणि कानात पांढरं. ब्लेसीचा श्वास हातापुढे वाफेसारखा दिसत होता, ऐकू येत नव्हता. क्षणभर मला बाबाच वाटले मी. इथेच कुठेतरी ते घाबरले असतील.

वाऱ्याकडे पाठ केली. हातमोजे दातांनी ओढले. आतल्या खिशातून सेल काढले, अंगाच्या उबेने गरम होते. लेबलं सोलली आणि ते तळव्यावर घेऊन थांबले. पूर्ण मिनिट. घाई केली तर अर्धवट जागे होतात. टोर्फी कुठेतरी घळीत असेल आणि मी हातात दोन सेल घेऊन त्यांना श्वास घेऊ देतेय! इतकं लांब मिनिट माझ्या आयुष्यात झालं नाही. मग घातले, दारं लावली, तुझ्या पिशव्या वर ओढल्या.

आधी वारा आला. मग घोडा. मग लांबून, अगदी चुकीच्या बाजूने, मागून आणि खालून, कुत्र्याचं भुंकणं. एकदाच. मी टोर्फीच्या कुत्र्याला ओळखते, तो शेवटी कण्हल्यासारखा सूर काढतो.

रांगेतल्या शेजारच्या दोघांना हाक मारून घेतलं आणि आम्ही उतरलो. घळीच्या पोटात, एका अरुंद कपारीवर टोर्फी बसला होता, कुत्रा पायाशी, आणि त्याच्यामागे कड्याला चिकटून ओल्या मेंढ्यांचा मोठा घोळका. त्या खाली गेल्या म्हणून तोही गेला, वर यायची वाट धुक्यात हरवली. मेंढ्यांना सोडून यायला तयार नव्हता. दगडासारखा गार पडलेला, पण धड.

त्याच्या छातीवरची वॉकीटॉकी चालू होती. मी माझ्याकडून बोलून पाहिलं. माझा आवाज त्याच्या छातीतून स्पष्ट येत होता. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

मी त्याच्यासमोर गेले आणि नीट तोंड दिसेल असं विचारलं, "कधीपासून, टोर्फी?"

त्याने कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाला, "बायको म्हणते तीन-चार वर्षं. मला वाटायचं सगळेच हल्ली पुटपुटतात." त्याचे डोळे भरले होते. "तुला हाकलत होतो मी, हाला. आणि तू हाका मारत होतीस ते मलाच ऐकू आलं नाही."

"ते नंतर," मी म्हटलं. "आधी या लोकरवाल्या बायकांना वर न्यायचंय."

मी पुढे वाट शोधत गेले, तो मागून मेंढ्या लोटत आला. एकही मागे राहिली नाही. वर पोहोचलो तेव्हा मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "टोर्फी सापडला," आणि पठारभरच्या माणसांनी एकदम आरोळी ठोकली. ती मला वॉकीटॉकीतून नाही, धुक्यातून सरळ ऐकू आली. दोन्ही बाजूंनी.

मी कोणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी झोपडीत वाळवलेला मासा आणि लोणी सगळ्यांमध्ये फिरत असताना टोर्फी स्वतःच उठला आणि सगळं सांगितलं. मग माझ्याकडे वळून, पूर्ण झोपडी हादरेल अशा आवाजात विचारलं, "मी कुठली घेऊ? सेलची की चार्जिंगची?"

मी त्याचे हात बघितले. बोटं म्हणजे सॉसेजं. "तू चार्जिंगची घे. रोज रात्री घरी झोपतोस आणि सेलाचं दार तुझ्याच्याने उघडणार नाही. डोंगरावर यायच्या दिवसांसाठी माझ्याकडचा जुना सेलवाला जोड दवाखान्यातून नीट करून घेऊ. सेल मी बदलून देईन." सगळे हसले. तोही हसला, या वेळी सगळ्यांबरोबर, कारण सगळे त्याच्यासाठी ओरडून बोलत होते.

शेवटच्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निघालं. आपल्या खिंडीतून खाली वळलो तेव्हा मी घोडा थांबवून मागे पाहिलं. रागना, डोंगराची अख्खी उतरण चालत होती. पांढऱ्या, काळ्या, करड्या, सगळ्या ओरडतायत, कुत्रे भुंकतायत, माणसं गातायत, बेसूर, प्रत्येकजण वेगळ्या कडव्यावर. आणि ते सगळं एकदम माझ्या कानात शिरत होतं. मी यंत्रांचा आवाज कमी केला नाही. उलट वाढवला.

नदीपलीकडे सगळं खोरं येऊन थांबलं होतं. पोरं कुंपणावर चढलेली, बायका कॉफीचे थर्मास घेऊन. स्टेनार कोंडवाड्याच्या फाटकाशी उभा होता, काठीवर रेलून. मी पाणी ओलांडून त्याच्यासमोर आले, माझ्यामागे ती सगळी उतरण.

त्याने टोपी काढली आणि फाटक उघडलं. मेंढ्यांच्या त्या कल्लोळात कोणालाच ऐकू गेलं नसेल इतक्या हळू तो म्हणाला, "ये, राजा. आत ये."

मी म्हटलं, "येते," आणि घोडा आत घातला.

तुझी,
हालबेरा